चौदा नंबरचं उष्टं

त्या वर्षी आम्ही सुट्टीत भारतात गेलो नाही. सगळं तिथूनच बिनसलं, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली आणि मीही तिला कधी खोडून काढलं नाही, कारण दुसऱ्या कशावर तरी ढकलता आलं की आपल्यालाही बरंच वाटतं. शाळा सुटल्या की दोहातल्या फरीज बिन ओमरान भागातली आमची इमारत ओस पडायची. पुण्याचे, मुंबईचे, केरळचे सगळे ब्यागा काट्यावर तोलून विमानात बसायचे आणि मागे राहायचे ते एकटे नवरे, संध्याकाळी पार्सलच्या पिशव्या घेऊन लिफ्टची वाट बघत उभे. तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघंच उरलो होतो. आईच्या कुकरची शिट्टी झाली की ती थेट जिन्यात घुमायची. एरवी दहा घरांच्या आवाजात ती कुठे कळायची! खिडकीच्या काचेला आतून बोट लावलं तरी चटका बसे. धुळीच्या दिवसांत समोरची मशीद दिसायची नाही, नुसती अजान ऐकू यायची. मला सोळावं लागलं होतं आणि मी कंटाळून कंटाळून भांडखोर झाले होते.

बाबा मूळचे परभणीकडचे, जनावरांचे डॉक्टर. इंडस्ट्रियल एरियाच्याही पलीकडे, जिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती वाळू आणि विजेचे खांब, तिथल्या एका खाजगी प्रयोगशाळेत ते प्राणिघराचे इन्चार्ज होते. माणसांसाठी बनवलेली औषधं माणसांना देण्याआधी तिथे शेळ्यांना देऊन बघायचे. किती दिलं तर झेपतं आणि किती दिलं की जनावर कोसळतं, एवढाच त्या कामाचा अर्थ. बाकी सगळे कागद. त्या उन्हाळ्यातलं औषध मूत्रपिंडांचं होतं. उन्हात राबून घामानं ज्यांची मूत्रपिंडं निकामी होत जातात, अशांसाठी. त्याच्यापायीच बाबांची रजा रद्द झाली होती.

आमच्या घरी मात्र ते दत्तामामाचं औषध होतं. दत्तामामा आमच्या रक्ताचा कुणी नव्हता. बीडकडचा वेल्डर, इंडस्ट्रियल एरियात कंपनीच्या खोलीत आठ जणांत राहायचा. बाबांची गाडी एकदा बंद पडली तेव्हा यानं ढकलून दिली, आणि गावाचं नाव निघाल्यावर आईनं त्याला जेवायला बोलावलं. पुढच्या राखीला तिनं त्याला राखी बांधली आणि तो माझा मामा झाला, बाबांचा मेव्हणा झाला. दर शुक्रवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. येताना लबानच्या, म्हणजे तिथल्या ताकाच्या, बाटल्या आणायचा आणि चप्पल काढताना ओरडायचा, "तायडे, भूक लागलीया, यल्ला, चल!" वर्षभरात त्याचं ते ओरडणं बारीक होत गेलं होतं. पाय सुजायचे. तो घोट्यावर बोट दाबून मला दाखवायचा. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहायचा. मूत्रपिंडं चाललीत, असं दवाखान्यात सांगितलं होतं. गावी दोन मुली शिकत होत्या, म्हणून तो जायला तयार नव्हता. दर शुक्रवारी बाबांना विचारायचा, "दाजी, कवा निघंल वो ते औषध?"

मला डॉक्टर व्हायचं होतं. शाळेच्या प्रोजेक्टचं निमित्त करून बाबांनी मुख्य डॉक्टरांची, डॉक्टर हिशाम म्हणून एक इजिप्तचे गृहस्थ होते त्यांची, परवानगी काढली आणि सुट्टीभर मी रोज सकाळी बाबांबरोबर जायला लागले. पहिल्याच दिवशी गाडीत एक प्रकार घडला. आईचा नेम असा की पहिली भाकरी झाली की तिचा चतकोर तूप-गूळ लावून गाईसाठी बाजूला काढायचा, मगच घरातल्यांनी जेवायचं. दोहात गाई होत्या म्हणे, पण त्या एसीच्या गोठ्यात. तिथे आपल्याला कोण उभं करतंय! तेव्हा तिनं बाबांच्या शेळ्यांवर भागवलं होतं. "चार पाय आहेत, शिंगं आहेत, चालतंय," असं तिचं म्हणणं. छोट्या स्टीलच्या डबीत तो घास रोज बाबांबरोबर जायचा आणि डबी रिकामी यायची. त्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली, बाबांनी डबी उघडली आणि घास सरळ स्वतःच्या तोंडात टाकला.

मी किंचाळलेच. "बाबा! तो गाईचा आहे!"

"मग काय करू? प्रयोग चालू हाय. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी हाय," बाबा तोंड भरलेलं असतानाच म्हणाले. "आन टाकून देऊ का? अन्न हाय ते. आईला सांगितलंस तर बघ."

आता हसू येतं. परभणीचा एवढा मोठा डॉक्टर, रोज सकाळी चोरून गाईचा घास खातोय. पण तेव्हा मला राग आला, कारण आई तो घास डबीत ठेवताना रोज नमस्कार करायची.

प्राणिघराला एकामागे एक दोन दारं होती. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. मध्ये औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे, मापाला मोठा असलेला पांढरा कोट चढवायचा आणि मग आत. आत गार होतं, लख्ख होतं. शेळ्यांचा वास आणि फिनेलचा वास मिळून एक तिसराच वास तयार झाला होता, तो माझ्या केसांत बसून घरी यायचा. सोळा शेळ्या, सोळा गाळे, मध्ये लोखंडी गज, प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला आणि नंबर. शेळ्या असूनही तिथे ओरडा नव्हता, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. दार वाजलं की सोळा माना वळायच्या आणि तशाच राहायच्या. मी बाबांना विचारलं, या गप्प का? बाबांनी पाण्याचा नळ सोडला.

औषध गोळीपेंडीत मिसळलेलं असायचं. पहिल्या चौघींना नुसतीच पेंड, पुढच्यांना थोडं औषध, आणि शेवटच्या चौघींना, तेरा ते सोळा नंबरला, सगळ्यात जास्त. भांड्यात पेंड किती टाकली आणि दुसऱ्या दिवशी उरली किती, ते तोलून तक्त्यात लिहायचं, हे काम बाबांनी मला दिलं. चौदा नंबर करड्या रंगाची होती, एका डोळ्याभोवती पांढरं. मी गेले की कोटाची बाही चघळायची. बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नाव ठेवायचं नाही. नंबरच म्हणायचा." मी नाव ठेवलं नाही. पण 'चौदा' हेच मी इतक्या लाडानं म्हणायला लागले की तेच नाव झालं. तिच्या शेजारची पंधरा नंबर म्हणजे निव्वळ खादाड, काळी, गोल, आपलं संपवून गजातून दुसरीच्या भांड्याकडे बघत बसणारी.

दहा-बारा दिवसांनी चौदानं पेंड खायचं सोडलं. नाक लावायची, शिंकायची आणि मागे व्हायची. दोन दिवस असंच झालं. तिसऱ्या दिवशी बाबांनी तिचं डोकं आपल्या दोन्ही गुडघ्यांत धरलं, तोंडातून नळी आत सारली आणि पेंड पाण्यात कालवून वरून ओतली. मला नळीचं टोक उंच धरायला सांगितलं. तिच्या घशातून जो आवाज निघत होता तो मी लिहून दाखवू शकत नाही. बाबा एकीकडे तिची मान चोळत होते, "झालं गं माय, झालं," म्हणत होते आणि दुसरीकडे हात आवळून धरत होते. शेवटी म्हणाले, "खाल्लं नाही तर रोज करावं लागंल." मी घरी येऊन बाथरूममध्ये रडले.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी बाबांना म्हटलं, तुम्ही घास खाऊ नका, मी मागच्या अंगणात चिमण्यांना घालते. बाबा खूश झाले. सुटलेच बिचारे पापातून. मी डबी कोटाच्या खिशात घातली आणि बाबा ऑफिसात कागद बघत असताना तो तूप-गुळाचा चतकोर चौदाला दिला. तिनं तो असा खाल्ला की माझी बोटंसुद्धा चाटून काढली. संध्याकाळी मी आईला म्हटलं, घास जरा मोठा करत जा ना. आईला काय आनंद झाला! इंग्रजी शाळेतली पोर, मराठीत विचारलं तर 'व्हॉट?' म्हणणारी, आणि आज गाईच्या घासाचं विचारतेय. दुसऱ्या दिवसापासून अख्खी भाकरी यायला लागली, मग दोन, वर मेथीच्या काड्या. चौदा भाकरीवर पोसली जाऊ लागली आणि पेंडीला तोंडही लावेनाशी झाली.

ती पेंड भांड्यात दिसली असती तर नळी आली असती. म्हणजे ती पेंड नाहीशी करायला हवी होती. कचऱ्याची पिशवी हातभर अंतरावर होती. मी भांडं उचललं, पिशवीपाशी गेलेसुद्धा आणि माझा हात झाला नाही. आमच्या घरात पानात कण टाकलेला चालत नसे. आईचं 'उष्टं टाकू नये' अंगात इतकं भिनलं होतं की भांडंभर चांगलं अन्न कचऱ्यात ओतणं मला पाप वाटलं. आणि पलीकडे पंधरा मान लांब करून उभीच होती. मी गजातून चौदाचं उष्टं पंधराच्या भांड्यात ओतलं. तिनं मिनिटात फस्त केलं. तक्त्यात मी दोघींसमोर लिहिलं: उरलं, शून्य. रोज हेच. लोक मला विचारतील, अगं, पण त्यात औषध आहे हे तुला माहीत नव्हतं का? माहीत होतं. तक्त्यावर ठळक अक्षरांत होतं. पण कशाला खोटं बोलू, भांडं हातात घेतलं की मला त्यात औषध दिसायचंच नाही, जेवण दिसायचं.

मी आता अशाच प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एका समितीवर बसते. माझ्यासमोर अर्ज येतात: इतके उंदीर, इतके ससे, अमुक दिवस, शेवटी मारणार, कारण अमुक. काही जणांना वाटतं मी फार मऊ आहे, काहींना वाटतं दगड आहे. मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते आणि तरुण शास्त्रज्ञ त्यावर एकमेकांकडे बघून हसतात. मी विचारते, जनावरानं खाल्लं नाही तर उरलेल्या खाद्याचं काय करता, आणि ते काम कोण करतं? हसू देत.

चौदा तुकतुकीत दिसायला लागली. डॉक्टर हिशाम तपासायला आले की तिच्यापाशी थांबायचे. "फोर्टीन! व्हेरी गुड, माशाल्ला!" म्हणून तिची पाठ थोपटायचे. मी मान खाली घालून पाणी भरत राहायचे. त्याच सुमाराला पंधराची पेंड उरायला लागली. मग ती भिंतीला डोकं टेकवून उभी राहायला लागली. दात खायची, तो करकर आवाज त्या गप्प खोलीत दाराशी ऐकू यायचा. मी चौदाचं उष्टं तिला घालणं थांबवलं, एका पिशवीत भरून घरी आणायला लागले आणि कॉटखाली ठेवायला लागले. पण उशीर झाला होता. एका सकाळी दुसरं दार उघडलं, पंधरा माना वळल्या, आणि काळी शेळी गाळ्यात पाय ताणून पडली होती. बाबा तिच्यापाशी उकिडवे बसले, पापणी उघडून बघितली आणि बराच वेळ उठले नाहीत. "दोघींना एकच डोस," ते स्वतःशीच म्हणाले. "ही मरती आन ती नाचती. कसं काय?" मला सांगायचं होतं. मी बादली उचलून पाणी भरायला गेले.

पुढचा शुक्रवार आला. आईनं मटणाचा रस्सा केला होता, ज्वारीच्या भाकऱ्या, कांदा. तोंडात घास घोळवत मी विचार करत होते की हे मटण कुणाचं, आणि याचं मला रडू कसं येत नाही. दत्तामामा जेवायला बसला तेव्हा त्याला मांडी घालता आली नाही. आईनं न बोलता खुर्ची दिली. त्याचा चेहराही सुजला होता. त्यानं नेहमीचाच प्रश्न विचारला, पण शेपूट नवीन होतं.

"दाजी, खरं सांगा. निघंल का वो ते औषध, म्या हाय तवर?"

"दत्ता, या वेळेला उमेद हाय," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच उजळला होता. "चौदा नंबर बघायला पाहिजेस तू. सगळ्यात जास्त डोस तिला, आन उड्या मारायलीय."

"आन ती मेल्याली?"

"तिला आधीचंच काही असंल, असं डॉक्टर म्हणायलेत. हाच डोस धरून पुढं जायचं ठरायलंय. कागदपत्रं झाली की माणसांवर."

दत्तामामानं हातातला घास खाली ठेवला. "मंग पयलं नाव माझं लिवा."

माझ्या तोंडात घास होता. मी ते हातात काढलं आणि म्हणाले, "चौदानं औषध खाल्लंच नाहीये, बाबा." आणि मग सगळं सांगितलं, भाकरीपासून कॉटखालच्या पिशवीपर्यंत. मराठीत सुरुवात केली, मध्येच इंग्रजीत गेले, परत मराठीत आले. कुणी मला थांबवलं नाही. आई हातात पळी घेऊन उभी होती. "माझा घास?" एवढंच ती म्हणाली.

बाबा कॉटखालची पिशवी घेऊन आले, त्यात हात घालून गोळ्या चिमटीत धरून बघितल्या. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. "उद्या सुट्टी हाय. परवा सांगावं लागंल," ते म्हणाले.

"अहो, काय सांगताय?" आईचा आवाज चिरकला. "नोकरी जाईल. घर, तिची शाळा, व्हिसा, सगळं त्या नोकरीवर आहे. लेकरानं चांगल्या मनानं केलं. तुम्ही सांगितलं नाहीत तर कुणाला कळणार आहे?"

बाबांनी पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. सोडली, परत मारली. बाहेर मशिदीतलं शुक्रवारचं प्रवचन, खुतबा, भोंग्यावर चाललं होतं आणि मला स्पष्ट दिसत होतं की बाबा विचार करतायत, खरंच करतायत.

"ताई," दत्तामामा म्हणाला, "मला कळलंय की."

आईनं पळी भांड्यात ठेवली. नाव पहिलं लिहा म्हणणारा माणूस तिच्यासमोर तिच्याच खुर्चीत बसला होता. मग तो माझ्याकडे वळला. रागावला नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "तायडे, म्या असतो तर म्याबी दिली असती भाकर. पर दोरी आपल्याच हातात हाय तवर भाकरीनं तिचं काय व्हतंय, सांग." त्यानं आईकडे रस्सा मागितला आणि पान स्वच्छ केलं.

परवाच्या सकाळी बाबांनी डॉक्टर हिशामना सांगितलं. मी शेजारी उभी होते. बाबा चूक स्वतःच्या अंगावर घेत होते आणि मी मध्येच तोंड घातलं, मीच केलं म्हणून. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी तक्ता उलटसुलट पाहिला, माझं ते गोल गोल अक्षर, शून्य, शून्य, शून्य. मग चष्मा काढून म्हणाले, "खलास. ऑल ऑफ देम." एकीच्या आकड्यावर विश्वास नाही तर कुठल्याच आकड्यावर नाही. सोळाचा प्रयोग बाद. राहिलेल्या पंधरांना नियमानं मारायचं आणि नव्यानं सोळा आणायच्या. मी विचारलं, चौदाच्या अंगात तर औषध फार नाहीच, तिला सोडता येणार नाही का? त्यांनी माझ्याकडे बघितलं. कडवट नव्हते ते, दमलेले होते. सोडायची कुठे, आणि सही कोण करणार? बाबांची नोकरी राहिली, इन्चार्जपद गेलं. त्या आठवड्यात मला प्राणिघरात प्रवेश नव्हता. चौदाला कुणी धरलं होतं हे मी बाबांना कधी विचारलं नाही, पण त्या दिवशी घरी आल्यावर ते कोपरापर्यंत हात धूत राहिले आणि आईनं हाक मारली तरी आले नाहीत.

मला वाटलं, माझी सुटका झाली. पुढच्या आठवड्यात भल्या सकाळी बाबांनी मला उठवलं आणि म्हणाले, चल. मी म्हटलं, मला नाही यायचं. "तुझ्यामुळं आल्यात," बाबा म्हणाले. एवढं कठोर ते माझ्याशी आधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

ट्रक मागच्या फाटकाशी उभा होता, उन्हानं पत्रा आतापासूनच तापलेला. या शेळ्या ओरडत होत्या. नवीन होत्या, अजून ओरडत होत्या. एक एक करून ड्रायव्हर खाली सोडत होता आणि बाबा कानाला बिल्ला मारत होते. मी बिल्ल्यांचा डबा धरून उभी, नंबर वाचून देत होते. तेरा गेली. पुढची फळीवर आली आणि तिनं पुढचे पाय रोवले. तपकिरी होती, चौदासारखी अजिबात दिसत नव्हती. ड्रायव्हरनं मागून ढकललं, ती घसरून माझ्या अंगावर आली आणि माझ्या कोटात तोंड खुपसून थरथर कापायला लागली. मी बाबांकडे बघितलं. दत्तामामा इंडस्ट्रियल एरियातल्या त्या खोलीत सुजलेले पाय उशीवर ठेवून वाट बघत होता. मला पळता आलं असतं, फाटक उघडंच होतं. बाबांनी बिल्ला चिमट्यात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नीट धर. हलली तर कान फाटतो."

मी तिचं डोकं दोन्ही गुडघ्यांत घेतलं आणि धरलं.